हौद घाण का झाले, आणि ते कुणाचे होते

नमस्कार. पुण्याच्या हौदांवरच्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, हौद म्हणजे साचलेल्या रोगट पाण्याच्या टाक्या, त्या बंद झाल्या ते बरंच झालं. दुसरा, ‘सगळ्या पेठेचा हौद’ ही थाप आहे, कारण अनेकांना तिथे फिरकूही देत नसत. पहिला मला मान्य नाही, दुसरा पूर्ण खरा आहे.

काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद यांत येणारं पाणी वाहतं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधले. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्यात उतरायचं. तिथून चुन्यातल्या बांधीव नळातून, निव्वळ उतारावर, ते शनिवारवाड्यापर्यंत यायचं. वाटेत फाटे काढून हौद भरत. पंप कुठेच नाही. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जायला वर उघडे असलेले बांधीव खांब, उभारलेले होते. बंद नळात हवा अडकली की पाणी तुंबतं आणि दाब वाढला की सांधे फुटतात. उच्छ्वासातून हवा निघून जाते, शिवाय आत उतरून गाळही काढता येतो.

मग घाण कुठून आली? खडकवासला धरणाचं पाणी नळानं घरोघर पोचल्यावर हौदांवरची वर्दळ ओसरली आणि गाळ उपसणंही मागे पडलं. उच्छ्वास बुजवले गेले. इमारतींचे पाये खणताना नळ फुटले, आणि शेजारच्या ड्रेनेजचं पाणी चुन्याच्या उघड्या सांध्यांतून आत झिरपू लागलं. म्हणजे बिघाड वाटेतला. कात्रजच्या पाण्यावर त्याचं खापर फोडू नका.

रोगाबाबत मात्र एक फरक करायलाच हवा. जिथे पायऱ्या उतरून, पाय पाण्यात बुडवून घागर भरत, तिथे नारूचा, म्हणजे शरीरात वाढणाऱ्या लांब जंताच्या रोगाचा, धोका खराच होता. रोग्याच्या पायावरच्या फोडातून अळ्या पाण्यात पडतात, बारीक जलकीटक त्या गिळतात आणि ते पाणी न गाळता प्यायलं की नारू होतो. तोटीखाली घागर धरली तर पाय पाण्यात जातच नाही. पायरीचे पाणवठे बंद करणं योग्यच होतं, पण तोच न्याय तोटीला लावता येत नाही.

आता दुसरा आक्षेप. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शहरभर वाहतं पाणी असताना ते करावं लागलं, यातच सगळं आलं. कात्रजच्या नळाची हुशारी सांगणाऱ्यानं हेही त्याच दमात सांगायला हवं, कारण पाणी उतारानं पेठेत पोचत होतं, पण घागरीत कुणाच्या पडायचं ते जात ठरवत होती. हौदाकाठच्या गप्पांच्या हळव्या आठवणी लिहिणारे हे नेमकं गाळतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

तुम्ही शेवटी विचारलंत, हे आता माहीत असून उपयोग काय? जुन्या पेठांत पाया खणताना कमानीचं दगडी किंवा विटांचं बांधकाम लागलं, तर त्यात काँक्रीट ओतू नका. नळात अजून पाणी असेल, तर तोंड बंद झाल्यावर ते मागे तुंबतं आणि शेजाऱ्याच्या तळघरात निघतं. काम थांबवा, फोटो काढा, वाहतं पाणी आहे का बघा आणि महापालिकेच्या हेरिटेज विभागाला कळवा.