मगरपालनाच्या मेसेजमध्ये मगरीबद्दल जे जे लिहिलंय, ते तपासून बघा

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'थायलंडसारखं मगरपालन करा. मगर महिन्यातून एकदा खाते, आजारी पडत नाही. अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी मशिनमध्ये उबवा. दोन वर्षांत लाखो रुपये. आपल्याकडं ऊन भरपूर, उजनीचं पाणी आहेच.' मोहोळ-सांगोल्याकडची शिकलेली पोरं खाली 'पिल्लं कुठं मिळतील?' असं विचारताहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

महिन्यातून एकदा खाणारी मगर असते, पण ती पूर्ण वाढलेली आणि थंडीत सुस्तावलेली. फार्मवर खर्च पिल्लांचा असतो. त्यांना वारंवार ताजं मांस किंवा मासळी लागते आणि अंगाला साधारण 32 अंश ऊब लागते. मगरीच्या शरीराला स्वतःची ऊब नसते, बाहेर गारठा पडला की पचन थांबतं आणि खाल्लेलं पोटातच सडतं. आपल्याकडं डिसेंबरच्या रात्री पारा किती उतरतो ते सांगायला नको. परदेशातल्या फार्मवर पिल्लांच्या खोल्या तापवतात, आवाज होऊ देत नाहीत. दचकलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसतात, खालची गुदमरतात, उरलेली खाणं सोडतात आणि मग आजारी पडतात.

उन्हाचं म्हणाल तर मगरीला घाम येत नाही. ती काठावर जबडा उघडा टाकून पडते ते अंग थंड ठेवायला. लोक त्याला आळस म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नदीकाठची मगर उन्हाळ्यात दरडीत खोल बीळ करून आत शिरते. मे महिन्यात सोलापुरात सिमेंटच्या उथळ हौदात ती जाणार कुठं?

अंड्यांबद्दलचा सल्ला तर सर्वांत घातक. कोंबडीचं अंडं मशिनमध्ये सारखं फिरवावं लागतं, हे आपल्या पोल्ट्रीवाल्यांना माहीत आहे. मगरीचं अंडं घातल्यानंतर दिवसाभरात आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर गर्भ मरतो. म्हणून जाणकार माणूस घरट्यातून अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करतो आणि तशीच खूण वर ठेवून ते मांडतो. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. आपल्या मगरीत 31 अंशांपर्यंत सगळ्या माद्या आणि साडेबत्तीसच्या आसपास नर निघतात. अंडी फुटायच्या वेळी पिल्लं आतून आवाज देतात, आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. बापही असं करताना दिसलाय.

दोन वर्षांचा हिशेबही चुकीचा. मादी अंड्यावर यायलाच साधारण 6-7 वर्षं लागतात. आणि भाव असतो तो पोटाकडच्या कातडीला. एकमेकींशी भांडताना तिथं ओरखडा पडला की दर कोसळतो, म्हणून मोठ्या मगरी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात.

एवढं सगळं जमलं तरी विकणार कुठं? आपली मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. तिचा व्यापार हा गुन्हा आहे. किमान 3 आणि कमाल 7 वर्षं तुरुंग, वर किमान 25 हजार रुपये दंड. चेन्नईजवळ 1976 पासून मगरींचं मोठं केंद्र आहे, पण ते संवर्धनासाठी. थायलंडचा कायदा इथं लागू होत नाही.

इमू आणि कडकनाथच्या वेळी आधी पैसे भरून घेणारे पुढं गायब झाले आणि पक्षी शेतकऱ्याच्या गळ्यात राहिले. आता कुणी मगरीच्या पिल्लांचं बुकिंग मागत असेल, तर एक रुपयाही पाठवू नका. मेसेज जपून ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.