‘चालवून वाळवा’ म्हणणाऱ्यांच्या मोटरी माझ्याकडे जळून येतात

पावसाळा लागला की एक संदेश फोनवर फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यातले दोघे बॅटरी गाड्या बाळगणारे रिसॉर्टवाले. मजकूर थोडक्यात असा: “गोल्फ कार्टची मोटर पाण्यात बुडाली तरी घाबरू नका. ४८ व्होल्टची मोटर जळत नाही. सबमर्सिबल तर पाण्यातच चालते! दोन दिवस उन्हात ठेवा, डब्ल्यूडी-४० मारा, मीटरवर बीप वाजली की चालू करा. राहिलेलं पाणी चालवताना वाळतं. वायंडिंगवाले उगाच घाबरवतात.”

मी चिपळूणला मोटर वायंडिंग करतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर किती तरी दिवस दुकानात चिखलाने भरलेल्या मोटरींशिवाय काही नव्हतं. पाण्याचे पंप होते, पिठाच्या गिरण्या होत्या, आणि त्यातच एका ठिकाणच्या दोन गोल्फ कार्टच्या मोटरी होत्या. त्यांचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी संदेशातलं एकेक वाक्य घेऊ.

४८ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला माणसाला सहसा मोठा झटका बसत नाही, हे खरं. पण व्होल्टेज कमी म्हणूनच करंट जास्त लागतो. साडेतीन-चार किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला ८०-९० अँपिअर घेते, चढावर उठताना त्याच्या कितीतरी पट. मागे बॅटऱ्यांचा संच एवढा करंट द्यायला तयारच बसलेला असतो. आता आत बघा. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्या आणि मधे अभ्रक. वर्षभर झिजलेल्या कार्बनची, म्हणजे कॉम्युटेटरवर घासत वीज पोहोचवणाऱ्या ठोकळ्यांची, काळी भुकटी त्या फटींत आणि कार्बनच्या घरांत साचलेली असते. तिच्यात पाणी आणि गाळ मिसळला की वीज वाहून नेणारा लगदा तयार होतो. अशा वेळी पेडल दाबलं तर करंट कॉइलमधून न जाता त्या लगद्यातून उडी मारतो. ठिणगीची माळ कॉम्युटेटरभर फिरते आणि पट्ट्यांच्या कडा वितळतात. हे व्हायला मिनिटही लागत नाही.

सबमर्सिबलचं उदाहरण ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते शेतकऱ्याला लगेच पटतं. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलची वायंडिंगची तार मुळातच प्लास्टिकच्या थरात गुंडाळलेली असते, आणि त्या मोटरीला ना कार्बन असतो ना कॉम्युटेटर. गोल्फ कार्टच्या कार्बनवाल्या मोटरीत तारेवर वार्निशचा पातळ थर, कॉम्युटेटर उघडा, आणि हवा खेळावी म्हणून अंगाला भोकं. ती बसते मागच्या ॲक्सलला, म्हणजे गुडघाभर पाण्यात पहिली बुडते तीच.

उन्हात दोन दिवस! कोकणात जुलैमध्ये दोन दिवस ऊन कुठून आणायचं, हे एक. दुसरं असं की वरून कोरडी दिसणारी मोटर आतून कोरडी नसते. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरीतल्या फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत, कागदाच्या आणि तारांच्या मधे शिरलेलं पाणी तिथेच धरून राहतं. आणि वाळवणं ही पहिली पायरीच नाही. पहिली पायरी धुणं. बॅटरीची मेन केबल सुटी करायची, मोटर उतरवायची, खोलायची, कार्बन आणि बेअरिंग काढायची, मग स्वच्छ पाण्याने गाळ निघेपर्यंत धुवायची. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यातून आलेला गाळ आणि मीठ जास्त घात करतात. खाडीचं पाणी शिरलं असेल तर मीठ हवेतला ओलावा परत परत ओढून घेतं. ते न धुता महिनाभर वाळवलं तरी पहिल्या दमट सकाळी मोटर पुन्हा बॉडीला उतरते, म्हणजे वीज बाहेरच्या लोखंडी अंगात गळते. धुतल्यावर भट्टीत ८०-९० अंशांवर आठ-दहा तास. त्याहून जास्त तापवायची घाई केली तर आतल्या वाफेने इन्सुलेशन फुगतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल थोडक्यात. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं, गंजलेल्या बोल्टला ते उत्तम. कॉम्युटेटरवर मात्र त्याचा तेलकट थर राहतो आणि कार्बनची भुकटी त्याला चिकटते. फवारा ताजा असताना ठिणगी उडाली तर आगीचा धोका वेगळाच. काही जण पेट्रोलने धुतात. कृपा करून हे करू नका. कॉम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करा. एमरी नको, तिचे कण वीजवाहक असतात आणि फटींत अडकतात.

सगळ्यात जास्त मोटरी मेल्या त्या मीटरच्या बीपवर विश्वास ठेवून. बीप एवढंच सांगते की तार तुटलेली नाही. मीटरची बॅटरी इवलीशी, ओल्या इन्सुलेशनची गळती तिला खात्रीने पकडता येत नाही. त्याला मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर. कंट्रोलरच्या केबल आणि स्पीड सेन्सर आधी सोडवायचे, नाहीतर मेगरच त्यांना मारेल. मग वायंडिंग आणि बॉडीमधे मोजायचं. मोटर थंड झाल्यावर ५ मेगोहमच्या खाली वाचन आलं तर मी ती परत भट्टीत टाकतो. आर्मेचरची कॉइल आतल्या आत शॉर्ट असेल तर तेही मीटरला दिसत नाही, ग्राउलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर, ठेवून वर हॅकसॉ ब्लेड धरलं की शॉर्ट खाचेवर ते थरथरतं.

‘चालवताना वाळतं’ याचं उत्तर आता त्या दोन मोटरी देतील. पहिल्या गाडीच्या चालकाने पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी चालवून पाहिली. वीसेक फूट गेली. ती माझ्याकडे आली तेव्हा कॉम्युटेटर जळालेला आणि आर्मेचर काळं पडलेलं होतं, नवीन आर्मेचरशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या गाडीची चावी सापडत नव्हती, म्हणून ती तशीच उभी राहिली आणि आठ दिवसांनी बॅटरी सोडवून आली. तीच कंपनी, तेवढंच पाणी. पहिल्या वाचनाला मेगरचा काटा शून्यावर. धुतली, भाजली, कॉम्युटेटरला टेप गुंडाळून वार्निश दिलं, पुन्हा भाजली. बेअरिंग नवीन टाकली, कारण रबरी सील असलं तरी आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालं होतं. कार्बन चारही बदलले. पाणी प्यायलेला कार्बन घरात अडकतो आणि स्प्रिंगही गंजते. मग टेबलावर शिकंज्यात धरून १२ व्होल्टवर काही सेकंद फिरवली. ही सिरीज मोटर, म्हणजे फील्ड आणि आर्मेचरच्या कॉइल एकामागोमाग जोडलेली. अशी मोटर मोकळी असताना पूर्ण व्होल्टेज दिलं तर ती बेफाम वेग घेते.

वायंडिंगवाले घाबरवतात म्हणणाऱ्यांना सांगतो, त्या दुसऱ्या मोटरीची एकही कॉइल मी बदलली नाही.