बारा-तेराचा पाना आणि टेक्सास

एक मोटरसायकलवाला आपलं प्रवासाचं सगळं सामान मांडून दाखवतो, तो व्हिडिओ शुक्रवारपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, त्यामुळे त्यात काय आहे हे सांगायची गरजच नव्हती. सुहासने कटिंगचा ग्लास पायरीवर ठेवला आणि थेट सुरुवात केली, "बघितलंत ना? पाने, पंप, पंक्चर किट आणि शेवटी जॅकेटच्या आतून पिस्तूल. याला म्हणतात तयारी."

"याला म्हणतात भीती," दिनूकाका म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले.

आमचा कट्टा म्हणजे मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या कोपऱ्यावरची एका बंद पिठाच्या गिरणीची पायरी. एका हाताला टपरी, दुसऱ्या हाताला टायरवाला. रविवारी पहाटे मोटरसायकली घेऊन इथूनच निघतो आणि शनिवारी रात्री भांडायलाही इथेच जमतो. दिनूकाकांनी बेस्टच्या डेपोत फिटर म्हणून उभी हयात काढली. सुहासचा मेहुणा अमेरिकेत टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला असतो. हा तिथे एकदा तीन आठवडे राहून आला, तेव्हापासून याचं नाव टेक्सास.

"तुम्हाला कल्पना नाही काका," टेक्सास म्हणाला. "तिथे २०२१च्या सप्टेंबरपासून परवानासुद्धा लागत नाही. एकवीस पूर्ण, रेकॉर्ड साफ, की कमरेला लावा आणि निघा."

"निघा, पण कुठवर?" मन्याने विचारलं. मन्या कंपनीच्या कामावर दोन वर्षं कॅलिफोर्नियात होता, पण त्याचं नाव काही कुणी कॅलिफोर्निया ठेवलं नाही. "कॅलिफोर्निया दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. टेक्सासहून निघालास, ॲरिझोनाभर राजासारखा फिरलास, कोलोरॅडो नदीवरचा पूल ओलांडलास की त्याच पिस्तुलापायी आरोपी. न्यायचंच असेल तर गोळ्या काढून, कुलूपबंद पेटीत."

"मग न्यावं की पेटीत. साइडबॉक्स कशाला असतात?"

"म्हणजे लुटारू आला," दिनूकाका बशी खाली ठेवत म्हणाले, "की हा गाडी स्टँडला लावणार, किल्ली शोधणार, बॉक्स उघडणार, गोळ्या भरणार. तोवर त्याने थांबायचं. चहा सांगू का त्याला?"

मन्या इतका हसला की त्याच्या हातातलं खारी बिस्किट चहात पडलं. टेक्सास मात्र मागे हटणारा नाही. नेवाडा-वायोमिंगकडे शंभर-शंभर मैल माणूस दिसत नाही, पोलिसांना यायला तास लागतो, अस्वलं असतात, हे सगळं त्याने सांगितलं. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही. पण तिथलं अंतर, तिथला कायदा, तिथलं अस्वल हे सगळं उचलून तो माळशेज घाटात आणून ठेवतो, आणि तिथे माझं डोकं सटकतं.

"आपल्याकडे रात्री घाटात काय काय होतं माहितीये? मला फॉरवर्ड आलाय."

"तुला आलेल्या फॉरवर्डवर जगलो असतो तर २०१२च्या जगबुडीतच मेलो असतो," मन्या म्हणाला.

मग मी आजोबांच्या बंदुकीची गोष्ट काढली. कुडाळकडच्या आमच्या घरी शेतीरक्षणाच्या परवान्यावर एकनळी होती. माकडं नि रानडुकरं हाकायला. लहानपणी मला वाटायचं, बंदूक असलेला माणूस म्हणजे केवढा मोठा. प्रत्यक्षात आजोबांना त्या बंदुकीचा घोर लागलेला असायचा. परवान्याची मुदत, नूतनीकरण, काडतुसांचा हिशेब. निवडणूक लागली की ती गोणपाटात गुंडाळून, वर काथ्या बांधून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायची. निकालानंतर परत आणायची. एसटीत ते ती मांडीवर आडवी घेऊन बसायचे आणि उतरेपर्यंत डुलकीसुद्धा काढायचे नाहीत. १९५९चा शस्त्र कायदा आमच्या घरात कुणी वाचला नव्हता, पण तो पाळायला काय लागतं ते मी त्या गोणपाटात पाहिलंय.

"तीच तर गोष्ट आहे," दिनूकाका सरसावून बसले. "सुहास, तुला मिळाला परवाना, धरून चालू. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून येतो, चौकशी होते, कारण द्यावं लागतं, 'मी फिरायला जातो' हे कारण चालत नाही. पण मिळाला. आता मुरबाडला मिसळ खायला थांबलास. जॅकेट उकडतं म्हणून काढलंस. ते ठेवणार कुठे? हेल्मेटमध्ये?"

"टाकीवरच्या टँकबॅगेत."

"जी एका चिमट्यानं निघते."

टेक्सासने तोंड उघडलं आणि मिटलं. मोटरसायकलला काच नाही, दार नाही, धड कुलूप लागेल अशी जागा नाही. अमेरिकेतही गाड्यांमधून बंदुका चोरीला जातात आणि मग त्या कुणाच्या हातात पडतात ते सांगायला नको. दुचाकीवरून वस्तू न्यायची तर ती हरवेल, भिजेल, हादरेल किंवा अंगात घुसेल हे धरूनच न्यावी लागते.

अंगात घुसेल हे मी उगाच म्हणत नाही. पाच वर्षांपूर्वी जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर खोपोलीच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर माझी गाडी घसरली. वेग जेमतेम तीसचा. पडलो डाव्या कुशीवर, आणि जॅकेटच्या डाव्या खिशात पक्कड होती. हाताशी असावी म्हणून ठेवलेली. खरचटलं फारसं कुठे नाही, पण त्या पक्कडीच्या दांड्याचा आकार कमरेच्या हाडावर दीड महिना निळाकाळा उमटून होता. डॉक्टर म्हणाले, चार बोटं वर असती तर बरगडी. तेव्हापासून माझ्या अंगावर रुमाल आणि लायसन्स याशिवाय काही नसतं, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये लोखंड ठेवणारा दिसला की मी सिग्नलवर सुद्धा त्याला सांगतो. मणक्यावर पाने बांधून कुणी चालवू नये.

"आणि याला तिथे पिस्तूल बांधायचंय," अश्विनी म्हणाली. ती आत्ताच आली होती, हेल्मेट अजून हातात. अश्विनी महापालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे आणि ड्यूटी करून रात्री-अपरात्री मोटरसायकलवर घरी येते. "कमरेवर लोखंड घेऊन पडलेला माणूस स्ट्रेचरवर कसा दिसतो ते मी बघितलंय. मोबाइलसुद्धा मांडीत रुतलेला बघितलाय."

टेक्सासला इथे मुद्दा सापडल्यासारखं वाटलं. "तूच सांग ना पण! रात्री दोनला एलबीएस रोडवर एकटी असतेस. तुला नाही वाटत काहीतरी असावं?"

क्षणभर सगळे गप्प. प्रश्न खोटा नव्हता.

"वाटतं ना," ती म्हणाली. "रोज वाटतं. मिरीचा स्प्रे आहे माझ्याकडे, तो ठेवते. ११२ लावता येतो. पण मागून दोघं जण गाडी घासत आले की माझे दोन्ही हात हँडलला असतात सुहास. एक क्लचवर, एक ब्रेकवर. पिस्तूल काढायला तिसरा हात कुठून आणू? मला भांडुपच्या त्या पट्ट्यात रस्त्यावरचा दिवा पाहिजे. तो बंद आहे पावसाळ्यापासून. त्याचं कुणी व्हिडिओ करत नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. मला विचाराल तर त्या रात्री तिथेच चर्चा संपली होती. पण कट्टा असा संपत नाही. मन्याने लगेच रस्त्यांवर गाडी नेली. सी लिंक दुचाकीला बंद, अटल सेतू बंद, कोस्टल रोड बंद, एक्स्प्रेसवे बंद, समृद्धी बंद, अहो जेजे फ्लायओव्हर पण बंद. "टोल नको, पूल नको, आम्हाला वाळीतच टाकलंय," असं म्हणत तो इतका तापला की टपरीवाल्याने रेडिओ बंद केला. दहा मिनिटं त्यात गेली.

शेवटी अश्विनीनेच सगळ्यांना बॅगा रिकाम्या करायला लावल्या. व्हिडिओतल्यासारखं मांडा म्हणे, बघू कोण काय नेतं.

मन्याच्या बॅगेत काहीच नाही. रेनकोटची पँट, त्याचा शर्ट हरवलेला, आणि मोबाइलची बॅटरी. "बीएस-सिक्स गाडी आहे, नव्या प्रदूषण नियमांची," तो म्हणाला. "२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर राहिलाय कुठे? सेन्सर गेला तर पाना घेऊन काय आरती करू? फोन करायचा, टेम्पो येतो."

"खिळ्याला सांगून ठेवलंयस का, गाडी बीएस-सिक्स आहे म्हणून?" दिनूकाका म्हणाले. "आणि घाटात रेंज गेली की टेम्पोला हाक मारायची का?"

दिनूकाकांची गुंडाळी मी याआधी शंभरदा पाहिली असेल, तरी पुन्हा पाहाविशी वाटते. खाकी कापड, बहुधा जुन्या युनिफॉर्मचं, काकूंनी हाताने शिवलेले कप्पे. दहा-अकरा आणि चौदा-पंधरा मिलिमीटरचे पाने, प्लगपाना, दोन अ‍ॅलन की, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. एका कप्प्यात पंक्चरच्या रबरी काड्या नि टोच्या, दुसऱ्यात फ्यूज, तारेचं भेंडोळं आणि मेणकापडात गुंडाळलेला ब्लेड. प्रत्येक पान्याच्या दांड्यावर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका, डेपोतल्या सवयीने. दहा-अकरा आणि चौदा-पंधरा यांच्या मधला कप्पा रिकामा. ही गुंडाळी सीटखाली रबराने बांधलेली असते, अंगावर कधीच नाही.

अश्विनीकडे क्रेप बँडेज, हातमोजे आणि बोथट टोकाची मोठी कात्री. "कात्री कपडे कापायला," तिने सांगितलं. "पडलेल्याची पँट ओढून काढायची नाही, कापायची. हेल्मेटही ओढायचं नाही. श्वास घेतोय ना, मग मान हलू द्यायची नाही नि १०८ लावायचा. आणि पोलीस मागे लागतील म्हणून पळायचं नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही." हेल्मेटच्या मागच्या बाजूला तिने रक्तगट आणि भावाचा नंबर चिकटवलाय. मी तिथेच ठरवलं, मी पण चिकटवणार. आजवर नव्हता माझ्याकडे.

आणि मग टेक्सासचा बॉक्स. तीन कप्प्यांचा, काळा, त्यावर वाघाचं स्टिकर. आतून निघालं: कुऱ्हाडीच्या आकाराचं एक मल्टिटूल, पॅराशूटची दोरी, होकायंत्र, मासे पकडायचा गळ, केवढा तरी चाकू ("नऊ इंचांच्या आत आहे, मोजलंय!" हे त्याने न विचारता सांगितलं) आणि काळा जाडजूड टॉर्च. पंप नाही. काड्या नाहीत. गळ बघून मन्या आडवा झाला, "अरे माळशेजला काय पापलेट काढणारेस?"

तळाशी, दोरीच्या खाली, एकच पाना. बारा-तेरा. दांड्यावर लाल ठिपका.

दिनूकाकांनी तो उचलला नाही. नुसते बघत राहिले.

"हा माझाच आहे," टेक्सास म्हणाला. "लाल रंग काय तुम्ही एकट्यानेच विकत घेता?"

"२०१७," काका म्हणाले. "श्रावणातला दुसरा रविवार. वैशाखऱ्याच्या पुढे. तुझा आरसा ढिला झाला होता."

"काका, आठ-आठ वर्षं कोण लक्षात ठेवतं!"

"ज्याचा कप्पा रिकामा असतो तो."

मग व्हायचं ते झालं. मन्याने टेक्सासचं लग्न काढलं, टेक्सासने मन्याचे गोव्याच्या राइडचे न दिलेले पेट्रोलचे पैसे काढले, मला कारण नसताना मध्ये ओढलं. या गोंधळात दिनूकाका उठून अश्विनीच्या गाडीपाशी गेले होते. क्लचचा लिव्हर दाबत, सोडत, कान लावून. मग बोटाने रबर मागे सरकवलं आणि मला हाक मारली. लिव्हरच्या आतल्या गुंडीजवळ केबलच्या तीन तारा तुटून वर आल्या होत्या, दाढीच्या खुंटासारख्या.

"उद्या घाटात या केबलवर जायचं नाही," ते म्हणाले. "तुला आज रात्री घरीसुद्धा पोचवली नसती हिने."

स्पेअरवाल्याचं शटर अर्धं खाली आलेलं. मन्या धावत गेला, दोन केबली घेऊन आला. एक बसवायची आणि दुसरी तिच्याच शेजारून, हँडलपासून इंजिनापर्यंत, झिपटायने बांधून सोडून द्यायची. टोकांना ग्रीस लावून प्लॅस्टिक नि टेप. पहिली तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी खोलायची गरज नाही. ही काकांची जुनी पद्धत. मी इतक्या वर्षांत असं दुसरं सामान पाहिलं नाही, ज्याला बॅग लागत नाही, अंगावर ओझं नाही आणि जे चोरायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कोपऱ्यावरचा दिवा नेमका लुकलुकत होता. मोबाइलच्या उजेडात इंजिनाकडचा नट दिसेना. तेव्हा टेक्सास पुढे आला आणि त्याने तो काळा टॉर्च लावला. अख्खा कोपरा पांढरा झाला. टायरवाल्याचं मांजर पळालं.

"टॅक्टिकल आहे," तो म्हणाला.

"चांगला आहे," काका इंजिनाखाली वाकून म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. मग न बघता हात मागे केला. "बारा-तेरा."

कुणी हललं नाही. हात तसाच पसरलेला. टेक्सासने पाना आपल्या बॉक्समधून उचलला आणि त्या हातात ठेवला.

नट बसला. अश्विनीने लिव्हर दाबून बघितला, लोण्यासारखा. काकांनी पाना शर्टाच्या टोकाला पुसला, ठिपका अंगठ्याने घासून पाहिला आणि खिशात टाकला.

"काका, तो..."

"टॉर्च वर धर रे. झिपटाय लावायचेत अजून."