तुला जाऊ कसं दिलं?

कॉलरबोन मोडलं शनिवारी, डाउनहिल सायकल शर्यतीच्या सरावाच्या तिसऱ्या फेरीत. रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हात झोळीत होता आणि तो लपवायचा कसा हे मला सुचलं नाही. आई आधी रडली, मग चिडली, मग तिने विचारलं, “पण तुला जाऊ कसं दिलं?”

“कुणी?”

“तिथल्या लोकांनी. असेल ना कुणीतरी साहेब वगैरे.”

साहेब कुणी नव्हता. आयोजक होते, अवघड वळणांवर झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल होते, पायथ्याला रुग्णवाहिका होती. जाऊ देणारं किंवा न देणारं मात्र कुणी नव्हतं. हे आईला पटवण्यात अर्धा तास गेला आणि तरी पटलं नाहीच. त्याच आठवड्यात आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गड-घाटांवरच्या पावसाळी बंदीवरून दरवर्षीचं भांडण जुंपलं होतं. आईचाच प्रश्न तिथे चाळीस जण एकमेकांना विचारत होते.

भांडणाकडे येते, आधी डाउनहिलबद्दल सांगते. सायकल आणि स्वार दोघांनाही गाडीने डोंगरावर नेऊन सोडतात. तिथून जंगलातली अरुंद, मुद्दाम अवघड ठेवलेली वाट घड्याळ लावून उतरायची. एकेकानेच, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. सायकल सोळा-सतरा किलोची, पुढचे-मागचे शॉकअ‍ॅब्जॉर्बर जवळजवळ वीतभर दबणारे. डोक्याला हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट. मी राहते त्या स्कॉटलंडमध्ये या खेळाचं मोठं ठिकाण म्हणजे फोर्ट विल्यम. तिथली जागतिक चषकाची पहिली डाउनहिल शर्यत २००२ मध्ये झाली, २००७ आणि २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपदही झालं. वाट साधारण पावणेतीन किलोमीटरची, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटर खाली. जिंकणारे पुरुष साडेचार मिनिटांच्या आसपास उतरतात. मी तीच वाट उतरले आहे. माझी वेळ विचारू नका.

आम्ही हौशी. आमच्या शर्यतींत चौदा वर्षांची पोरं असतात आणि पन्नाशी उलटलेलेही. आमच्यातला एक सुतार छप्पन्न वर्षांचा आहे. दर वेळी त्याच्या गटात शेवटून दुसरा येतो आणि शेवटून पहिला कोण ते आवर्जून सांगतो. आमच्या बायकांच्या गटात कधी आम्ही चौघीच असतो, म्हणजे बक्षिसाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायला फक्त एकीला मागे टाकावं लागतं. शनिवारी सकाळी सगळे पायी वाट चढतात. त्याला ट्रॅकवॉक म्हणतात. प्रत्येक मूळ, प्रत्येक दगड बघायचा आणि आपली लाइन, म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ते, ठरवायची. मोठ्या उडीच्या शेजारी बहुतेक वेळा एक सोपा वळसा ठेवलेला असतो. इथले लोक त्याला ‘कोंबडीची लाइन’, म्हणजे भित्र्याची, म्हणून चिडवतात. आपल्याकडे त्याला ‘पळवाट’ हा तयार आणि जास्त चांगला शब्द आहे.

त्या दिवशी मी पळवाटच ठरवली होती. रात्री पाऊस पडून गेला होता. बीच नावाच्या झाडांची मुळं उतारावर तिरकी पसरली होती, साल निघालेली, साबणासारखी गुळगुळीत. पहिल्या दोन फेऱ्या मी गुमान वळशाने गेले. तिसऱ्या फेरीला पुढे मित्र होता. तो सरळ मुळांवरून गेला आणि मी त्याच्या मागच्या चाकाकडे बघत त्याच्या मागे गेले. मुळं ओलांडताना चाक काटकोनात घालायचं आणि ब्रेकवरची बोटं सोडायची, हे मी इतरांना शिकवते. मी तिरकी घुसले आणि पुढचा ब्रेक दाबला. पुढचं आठवत नाही, फक्त एक शिट्टी आठवते.

ती शिट्टी वळणावरच्या मार्शलची. साठीच्या बाई होत्या. त्यांनी आधी वर बघून पिवळा झेंडा हलवायला सुरुवात केली, मग वॉकीटॉकीवर नंबर सांगितला, मग मला विचारलं, मान दुखते का. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. मी जमिनीवर पडले होते आणि त्या वर बघत होत्या, कारण पुढचा स्वार अर्ध्या मिनिटात येणार होता. थोड्याच वेळात वरच्या टप्प्यावर लाल झेंडा लागला आणि सगळे थांबले. ज्याला लाल झेंड्याने थांबवलं जातं त्याला फेरी पुन्हा मिळते, त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही. दवाखान्यात बिल आलं नाही, इथे ते येत नसतं. डॉक्टरांनी तेवढं विचारलं, “सोपी लाइन नव्हती का?”

मित्राने नंतर माफी मागितली. कशाची ते त्यालाही नीट सांगता येईना. चूक सगळी माझी होती. पण मित्रांबरोबर सायकल मारण्यातला हा भाग नाकारण्यात अर्थ नाही: एकटी असते तर मी वळशानेच गेले असते.

आता ग्रुपवरचं भांडण. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे गड, धबधबे, घाटवाटा यांवर जमावबंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर आदेश आणखी कडक झाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चौघं गेले. ग्रुपवरच्या दोघांना यंदा सायकली घेऊन घाटवाटेच्या तोंडाशीच परत पाठवलं. मग सुरू झालं. एक बाजू म्हणते, बंदी हवीच, लोकांना अक्कल नाही. दुसरी म्हणते, सरकार कोण आम्हाला डोंगर बंद करणारं. आणि मधूनच कुणीतरी मला टॅग करतं: “तुमच्याकडे कसं असतं गं?”

आमच्याकडे असं असतं. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने जमीन सुधारणा कायदा केला आणि २००५ पासून बहुतेक सगळ्या जमिनीवर, मालक कुणीही असो, पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क लोकांना मिळाला. इंजिनाच्या गाड्यांना नाही. लोकांच्या घराचं आवार आणि उभं पीक वगळलेलं. शेजारच्या इंग्लंडमध्ये सायकलस्वाराला १९६८ च्या कायद्याने मिळालेल्या घोडेवाटा आहेत, फक्त पायी जाण्यासाठी असलेल्या वाटांवर त्याला असा हक्क नाही. सीमा ओलांडली की सायकल तीच आणि डोंगरही तसाच, कायदा तेवढा बदलतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं आणि दुसऱ्या बाजूने ते लगेच पुढे पाठवायला घेतलं. अर्धंच. उरलेलं अर्धं असं की हा हक्क ‘जबाबदारीने वापरला तर’ आहे. त्यासाठीच्या संहितेत तीन गोष्टी आहेत: दुसऱ्यांच्या हिताचा मान राखा, निसर्गाची काळजी घ्या, स्वतःच्या कृतीची जबाबदारी स्वतः घ्या. लाकूडतोड चालू असेल तर वाट बंद असते आणि ती खरोखर बंद असते. जंगलात फावडं घेऊन नवी वाट खणायचा हक्क या कायद्याने कुणालाही दिलेला नाही. ट्वीड नदीच्या खोऱ्यात, इनरलीदनच्या आसपास, पोरांनी वर्षानुवर्षं चोरून वाटा खणल्या. त्यावर भांडणं झाली, आणि मग सायकलवाल्यांनी संघटना काढून जंगलखात्याशी बोलणी करून वाटांची निगा अंगावर घेतली. आता शनिवारी कुदळ-फावडी घेऊन लोक नाल्या साफ करतात. मीही जाते. कंटाळवाणं काम आहे.

तुलना करताना आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. अख्ख्या स्कॉटलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, जमीन अठ्ठ्याहत्तर हजार चौरस किलोमीटर. एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौऱ्याण्णव लाख होती, आणि जमीन साडेपंधरा हजार. हरिहर गडाच्या अरुंद पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात तेव्हा ‘स्वतःच्या कृतीची जबाबदारी’ घेऊन माणूस जाणार कुठे? मागे सरकायलाही जागा नसते. त्यामुळे हातात मोजकी माणसं असलेल्या जिल्हाधिकाऱ्याने सही करून टाकली तर मी त्याला हसणार नाही. त्याच्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार तेच आहे.

पण स्वस्त हत्यार बोथट असतं. कुंडमळ्याच्या पुलावर धोक्याचा फलक होता, असं बातम्यांत आलं होतं. फलकाने त्याचं काम केलं होतं म्हणायचं. तो वर बघत नाही, शिट्टी मारत नाही, आणि पुलावर शंभरावा माणूस चढतोय हे त्याला कळत नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. ते चांगलंच झालं. पण धबधब्याखाली उभं राहणारं कुटुंब कुठल्याच आयोजकाबरोबर आलेलं नसतं.

माझं खरं भांडण मात्र माझ्याच बाजूशी आहे, डोंगर खुले ठेवा म्हणणाऱ्यांशी. आमच्या टोळक्यात इथे एक अलिखित नियम आहे: शर्यतीत उतरायचं असेल तर वर्षातून एक दिवस झेंडा धरायचा. गेल्या वर्षी मी धरला. सकाळी आठला एका वळणावर जाऊन उभी राहिले ते दुपारी चारपर्यंत. पाऊस थांबला की मिज येतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे चावरे कीटक, हेल्मेटच्या जाळीतूनही आत शिरतात. वाटेच्या कडेची तुटलेली फीत पुन्हा बांधायची, निखळलेला दगड बाजूला करायचा, प्रत्येक स्वाराचा नंबर कानावर ठेवायचा. दुपारनंतर कोण दमलंय हे दुरूनच ओळखू येतं. कोपरं खाली आलेली असतात आणि नजर पुढच्या चाकावर. दिसलं तरी त्याला अडवायचं काम आपलं नसतं. मार्शल कुणाला पडू नको म्हणत नाही. पडलेल्यावर दुसरा येऊन आदळू नये एवढं बघते. आठ तासांत मी तीनदा झेंडा हलवला. उरलेला वेळ नुसती भिजले.

ग्रुपवर बंदीविरुद्ध सगळ्यात जोरात लिहिणाऱ्याला मी विचारलं, तू कधी गडाच्या पायथ्याशी असा उभा राहिला आहेस का? तो म्हणाला, “ते काम पोलिसांचं.” म्हणजे वाट आपली आणि पहारा सरकारचा. मग सरकार पहाऱ्याऐवजी कुलूप लावतं तेव्हा नवल कसलं?

असे लोक आपल्याकडे नाहीत असं अजिबात नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ संस्थेचे लोक रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, तेही आपापली पोटापाण्याची कामं सांभाळून. इथलं पर्वतबचाव पथकही तसंच, बिनपगारी. ९९९ ला फोन केला की पोलीस त्यांना बोलावतात आणि कुणीतरी दुकान बंद करून निघतं. हिंमत आणि हातोटी दोन्हीकडे सारखीच. फरक वेळेचा आहे. आपण या माणसांना प्रेत काढायला बोलावतो. सकाळी आठला वळणावर उभं राहायला फारशी कुणी येत नाहीत, आणि आली तर त्यांचं ऐकायचं की नाही हे अजून आपलं ठरलेलं नाही. “तू कोण मला सांगणारा” हे वाक्य मी सह्याद्रीत स्वतः ऐकलं आहे. खरं सांगायचं तर विशीत एकदा स्वतः म्हटलंही आहे, कड्यावरून मागे हो म्हणणाऱ्या एका गुराख्याला.

मग मी ग्रुपवर एक प्रस्ताव टाकला. पावसाळ्यातला एक रविवार, एकच गड, वन विभागाची लेखी परवानगी काढून, आपल्यातले दहा जण, शिट्ट्या आणि दोन वॉकीटॉकी. चढणारे किती, उतरणारे किती हे मोजायचं, अरुंद जागी दोन्हीकडची माणसं आळीपाळीने सोडायची. दिवसाअखेर आकडे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे. तिकिटाचं माझं मी बघते, मीही येते.

बेचाळीस जणांच्या ग्रुपवर अंगठे एकोणीस आले. नावं आली तीन. त्यातलं एक आईच्या शेजारच्या काकूंच्या मुलाचं, त्यामुळे बातमी आईपर्यंत पोचली. रात्री तिचा फोन आला.

“त्या गर्दीत, पावसात, दिवसभर उभी राहणार म्हणे तू?”

“हो.”

“आणि खांदा?”

“तोवर बरा होईल.”

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “काकू विचारत होत्या, शिट्टी कुठली आणायची. साधी चालते का?”