थेंब पडतो तिथे गळत नसतं

डिझेल पिकअपखाली तेलाचा काळा ठिपका दिसला की माणूस ठरलेलंच करतो. गुडघ्यावर बसतो, मान वाकडी करतो आणि थेंब ज्या बोल्टाला लोंबतोय तो आवळतो. त्या बोल्टाचा बिचाऱ्याचा काडीचा संबंध नसतो. तो फक्त सगळ्यात खाली असतो.

तेल वरून खाली येतं हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी धावताना ते मागेही जातं, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. फॅनचा झोत आणि समोरचा वारा मिळून त्याला केबिनच्या दिशेने ढकलतात. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगच्या कडेने फिरतं आणि खाली येऊन थेंब धरतं. मग कुणीतरी जाणकार हात पुसत सांगतो, "मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागणार." टॅपेट कव्हरखालची रबरी पट्टी बदलणं आणि गिअरबॉक्स उतरवणं यांत किती कष्टांचा फरक आहे, हे ज्याने दोन्ही केलंय त्याच्या कमरेला विचारा.

म्हणून माझा हट्ट एकच: पाना हातात घेण्याआधी इंजिन धुवा. थंड इंजिनवर डीग्रीझर मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा. अल्टरनेटर, हवेचं तोंड आणि वायरिंगचे कनेक्टर प्लॅस्टिकने झाका. पाणी हलक्या दाबाने सोडा; प्रेशर पंपाची नळी सीलच्या तोंडाशी धरली तर एका गळतीच्या दोन होतात. सगळं वाळलं की गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि टॉर्च व काठीवरचा आरसा घेऊन वरून खाली बघत या. खालून वर बघणारा पहिल्याच ओल्या जागी समाधानी होतो, आणि ती जागा बहुधा चुकीची असते.

तरी सापडलं नाही तर संशयित जागांवर टाल्कम पावडर फवारा. तेल तिच्यावर आपली वाट स्वतःच आखून दाखवतं. तेलात मिसळायचा चमकणारा रंगही मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या मापाने तो घाला, गाडी चालवा आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा. पण डिझेल इंजिनचं जुनं तेल काजळीने इतकं काळं होतं की रंग त्यात मंद पडतो. ताजं तेल भरल्या भरल्या हा प्रयोग केला तर पैसे वसूल.

गळतंय ते नक्की काय, हेही पांढऱ्या फडक्यावर टिपून बघा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरता येत नाही. डिझेल पातळ असतं, पण इंजिनवरच्या जुन्या चिकट मळीवरून वाहत आलं की काळं होऊन इंजिन ऑइलच्या वेषात खाली पोचतं. या तोतयापायी कित्येक चेंबरची, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यांची, पॅकिंग उगाच बदलली गेली असतील.

पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर तपासा. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतोच, आणि त्याला बाहेर काढायचं काम ब्रीदर पाइपचं. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. इंजिन आयडलवर ठेवून तेलाचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं टेकवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा धुराचे भपकारे आले, तर ब्रीदर तरी तुंबलाय, नाहीतर पिस्टनच्या रिंगा तरी झिजल्यात. थकलेला टर्बोही आपल्या तेलाच्या परतीच्या पाइपातून हाच दाब आत घालतो. अशा इंजिनला नवी सीलं बसवणं म्हणजे उकळत्या कुकरची शिट्टी बोटाने दाबून धरणं.

आता टॅपेट कव्हर. त्याचे बोल्ट लहान, बहुतेक ठिकाणी आवळणी आठ ते दहा न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा सौम्य जोर. पण गळती दिसली की माणसाच्या अंगात बळ संचारतं. कॉर्कचं पॅकिंग असेल तर ते दबून बाहेर येतं, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे बोल्टाबरोबर हातात येतात. मधल्या बोल्टापासून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळा. अर्धचंद्राकृती रबरी बूच असेल तर त्याच्या कोपऱ्यांत सिलिकॉनचा लहानसा ठिपका द्या.

ठिपका म्हणालो. सिलिकॉनची ट्यूब हातात आली की केकवाला जागा होतो, हे मला ठाऊक आहे. चेंबरवर तीन मिलिमीटर जाडीची सलग रेघ पुरते, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्तीचं बाहेर येतं ते दिसतं. तेवढंच आतही जातं, ते दिसत नाही. ते तुटून तेलपंपाच्या जाळीवर बसतं आणि इंजिनला तेल मिळेनासं होतं. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने कोरडे करा. चेंबरची कड बोल्टाशी वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून सपाट करा. रेघेवर साय धरण्याआधी चेंबर चढवा, तेल दुसऱ्या दिवशी भरा.

किरकोळ गुन्हेगार पटकन सांगतो: ड्रेन बोल्टचं दबलेलं तांब्याचं वायसर, ऑइल प्रेशर स्विच, व्हॅक्यूम पंपाची ओ रिंग, ऑइल कूलरची पॅकिंग. आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढला, तर दोन रिंगांमधून तेल अक्षरशः फवारतं.

जाणकार म्हणतो ते मागचं सील, म्हणजे क्रँकचा दांडा इंजिनच्या मागून बाहेर पडतो तिथे तेल अडवणारी कडी, खरंच गेलं असेल तर इलाज नाही. गाडी जॅकवर नव्हे, घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, घ्या. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, सगळं उतरतं. तेवढं उघडलंच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने चर पाडलाय का, नखाने तपासा. नख अडकलं तर त्या चरावर चढवायची पातळ धातूची बाही, रिपेअर स्लीव्ह, लागेल. रबरी सीलच्या ओठाला तेल लावतात. टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं. सवयीने तेलाचं बोट फिरवलंत तर ओठ क्रँकवर नीट बसत नाही, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली.

सगळं जुळल्यावर पहिले काही दिवस थेंब पडेलच. बेल हाउसिंगच्या आत आणि चॅसीच्या आडव्या पट्टीवर साचलेलं जुनं तेल गरम होऊन उतरत असतं. तेव्हा लगेच बोल्ट आवळायला धावू नका. ती जागा पुसा, डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवा, आणि शेजारी कितीही मान वाकडी करून खाली बघू लागला तरी त्याच्या हातात पाना देऊ नका.