डग्गा कुठे गेला?

आमच्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘सहा स्पीकर’ असं ठळक छापलं होतं. गाडी घरी आल्यावर मी ते मोजले. चार दारांत चार, आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यांत दोन ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे चिमुकले स्पीकर, कोटाच्या बटणाहून जरा मोठे. पंगतीत मांडीवरच्या पोरांचंही पान धरतात, त्या हिशोबाने सहा भरतात.

बरीच वर्षं त्या सहांवर आम्ही फक्त एफएम ऐकलं. एफएमवरचा निवेदक मुळातच ओरडतो, त्यामुळे फाटलंय ते काय, त्याचा गळा की आपला स्पीकर, हे कळायला मार्ग नसतो. भानगड सुरू झाली ती आत्याच्या गुडघ्यामुळे. ऑपरेशन झाल्यावर तिला लोकमान्य नगरातून फिजिओथेरपीला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. आत्याने जन्मभर गाणं शिकवलं. गाडीत बसल्याबरोबर तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाली, “हे लाव. इंदूरच्या रस्त्यावरून जायचं आणि अमीर खाँसाहेब ऐकायचे नाहीत, हे बरं दिसत नाही.”

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ म्हणजे अतिविलंबित, अगदी संथ लय. झूमरा तालाच्या चौदा मात्रा एवढ्या सावकाश येतात की पुन्हा पहिल्या मात्रेवर, समेवर, यायच्या आत पलासियाचा सिग्नल लाल होऊन हिरवा होतो. शिवाय खाँसाहेबांचा सगळा जीव मंद्रात, खालच्या सप्तकात, म्हणजे सरळ स्पीकरच्या वर्मावर. ते खाली उतरायला लागले, आत्याने डोळे मिटले आणि दार बोलायला लागलं. खर्रर्र.

“अरे, हे काय?”

“स्पीकर असेल.”

“धैवतापर्यंत गप्प असतं. मंद्र पंचम लागला की तोंड उघडतं. बघून घे.”

इंदुरात गाडीला काही झालंय हे चारचौघांत बोलायची सोय नाही. पोह्याच्या ठेल्यावर मी नुसतं ‘स्पीकर’ म्हणालो तर शेवेवर जीरावन मसाला पडायच्या आत तीन निदानं झाली. एक म्हणाला, “भिया, ब्लूटूथ की दिक्कत है.” मी पेन ड्राइव्ह म्हणालो तर तो म्हणाला, “फिर पेन ड्राइव्ह की.” दुसऱ्याच्या मते अर्थिंग. माझा साडू फोनवर म्हणाला, “सबवूफर टाक, विषय संपव.” हा माणूस कुठल्याही दुखण्यावर सबवूफर, म्हणजे नुसत्या खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, सांगतो, डिकीत त्याने एवढा मोठा डबा बसवलाय की सहलीला जाताना त्यांच्या बॅगा आमच्या गाडीत असतात. जिथे गाडी नेहमी दाखवतो तिथल्या मुलाने अर्धं मिनिट एक धांगडधिंगा लावून ऐकला आणि म्हणाला, “सर, कंपनी फिटेड में ऐसा ही आता है.” मग पूर्ण स्टिरिओ बदलायचा अंदाजपत्रकी कागद हातात दिला. अंदाजपत्रक मात्र कंपनी फिटेड नव्हतं, चांगलं भरभक्कम होतं.

मी भंवरकुआच्या एका कोचिंगमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनीतरंगांचा धडा दरवर्षी घेतो. तो उपयोगात आणायची ही पहिलीच वेळ.

महाराणी रोडवरून एक स्वस्त मल्टीमीटर आणला. रविवारी सकाळी कचरागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीतून गेली (तिचा भोंगा आमच्या सहाही स्पीकरांपेक्षा स्वच्छ वाजतो, सलग एवढी वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर उगाच येत नाही) आणि मी आत्याला पुढच्या सीटवर बसवलं. फेडर पुढे, म्हणजे फक्त पुढचे स्पीकर; बॅलन्स पूर्ण डावीकडे, म्हणजे त्यातला फक्त डावा: खर्रर्र. पूर्ण उजवीकडे: खर्रर्र, पण निराळं. आत्याने लगेच फरक सांगितला. “डावीकडचं थरथरतंय. उजवीकडचा घसा बसलाय.” म्हणजे रोगी दोन, रोगही दोन. वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटते म्हणून गाणं चालू ठेवून दोन्ही दारं हलवून पाहिली. वायरी शाबूत होत्या.

डावीकडच्यासाठी मोबाइलवर सूर सोडणारं एक ॲप उतरवलं. पेटीच्या काळी एकचा षड्ज, म्हणजे सा, धरला तर तो साधारण 139 हर्ट्झचा, त्याचा मंद्र पंचम 104च्या आसपास. मी 200वरून खाली खाली येत गेलो. 110ला दार कुरकुरलं, 104ला ओरडलं, 90च्या खाली पुन्हा गप्प. आत्याने माझ्याकडे ‘मी काय सांगत होते’ या नजरेने पाहिलं. यंत्र लावून मी तिथेच पोचलो होतो जिथे ती पर्स मांडीवर धरून पोचली होती. मग तोच सूर चालू ठेवून मी पॅनल तळहाताने दाबलं. खरखर बंद. सोडलं, चालू. म्हणजे स्पीकर बिचारा सरळ गात होता, थरथरत होतं ते दार.

पॅनल काढायचं म्हणजे आधी हँडलच्या मागचे लपवलेले स्क्रू शोधायचे, मग कडेने प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा उचकटायच्या. प्रत्येक क्लिप निघताना ‘कट्’ असा आवाज येतो, आणि ती निघाली की तुटली हे ती हातात येईपर्यंत कळत नाही. बायको गच्चीवरून विचारत होती, “अहो, ते परत लागेल ना?” पॅनलच्या पोटात एक रुपयाचं नाणं, अर्धा कंगवा आणि एक लिमलेटची गोळी सापडली. नाणं थेट स्पीकरच्या कड्याजवळ अडकलं होतं. दोन क्लिपा आधीपासूनच बेपत्ता होत्या. कधीतरी काचा वर-खाली होत नव्हत्या म्हणून पुढची दोन्ही दारं एका गॅरेजमध्ये उघडली होती. तिथल्या लोकांनी क्लिपा वाचवल्या होत्या, आमच्यासाठी नव्हे.

उजव्या दारात खरा प्रकार होता. दाराच्या आत पाणी शिरणं हा बिघाड नव्हे. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतंच, आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून पत्र्यावर एक पन्नी चिकटवलेली असते. आमची पन्नी, त्याच काचांच्या दुरुस्तीत, अर्धी उचकटून तशीच लोंबत ठेवली होती. स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, किती पावसाळे झेलणार? कड कुजली होती, बोट लावलं तर पापुद्रा निघाला. मल्टीमीटर लावला तर 3.4 ओहम. स्पीकर 4 ओहमचा असला तरी मीटरवर थोडं कमीच दिसतं, कारण मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. म्हणजे कॉइल जिवंत. पेन्सिल शेल क्षणभर टेकवला तर ‘टप्’ आवाज करून कोन बाहेर उडालाही. तरी खात्री म्हणून हाच स्पीकर डाव्या दाराच्या वायरींच्या कपलरला जोडला. तिकडेही घसा बसलेलाच. म्हणजे स्टिरिओ निर्दोष.

इथे त्या जुन्या स्पीकरांची बाजू मांडणं भाग आहे. लोक ‘कागदी’ म्हणून नाक मुरडतात. कागद वाईट नाही. महागड्या स्पीकरांतही कागदी कोन असतात. यांचं चुंबक मात्र हातात घेतल्यावर दया येते असं असतं, आणि सांगाडा प्लास्टिकचा. पण थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज काढायची कला त्यांना असते. गाडीच्या स्टिरिओपाशी वॉट थोडेच असतात, हे ज्याने ते बनवले त्याला ठाऊक होतं. दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं, किंवा माझ्यापुरतं ठाऊक नव्हतं.

ॲक्सेसरीच्या दुकानात साडेसहा इंची स्पीकरचा जो खोका पुढे आला त्यावर ‘360 वॉट’ इतक्या मोठ्या अक्षरांत होतं की खरा आकडा, ‘आरएमएस 55’, वाचायला चष्मा काढून पुसावा लागला.

“भिया, आपके स्टिरिओ में पचास-पचास वॉट के चार चैनल हैं. मस्त चलेगा.”

मी त्याच्याच बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. चालू गाडीत 14.4 व्होल्ट, स्पीकर 4 ओहम. स्वच्छ सूर हवा असेल तर चॅनलमागे 26 वॉटच्या वर काहीही केलं तरी जाता येत नाही, प्रत्यक्षात वीसच्या आत. 50 वॉट निघतात ते तरंगाची वरची-खालची टोकं छाटली जाऊन तो पूर्ण चौकोनी झाल्यावर. म्हणजे स्टिरिओवर लिहिलेले पन्नास वॉट हे आवाज फाटल्यानंतरचे आहेत. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“आप टीचर हो क्या?”

मी हो म्हणालो. त्याने मुलाच्या फिजिक्सच्या ट्यूशनची चौकशी केली, फी जास्त आहे म्हणाला, आणि स्पीकरचा भाव आहे तोच ठेवला.

वॉट सोडून मी डेसिबल विचारले तेव्हा त्याला खरोखर वाईट वाटलं. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो, तो आकडा. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट. त्याचा आवडता खोका 88चा होता, कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक साधा कोॲक्सियल, म्हणजे मधोमध ट्वीटर बसवलेला, 92चा. वेगळे ट्वीटर आणि क्रॉसओव्हरवाला (वरचे-खालचे सूर वेगळे करून वाटणारा) महागडा संचही त्याने दाखवला. पण त्याला वेगळा ॲम्प्लिफायर (ॲम्प) लागणार, ॲम्पला बॅटरीपासून जाड वायर, आणि शेवटी साडूचा डबा. मी धूळवाला घेतला. घरी किंमत सांगितल्यावर बायको म्हणाली, “एवढ्यात एखादा तबलजी गाडीत बसवता आला असता.”

स्पीकरपेक्षा मोठं काम दाराचं होतं. आपण दार म्हणतो, पण स्पीकरच्या लेखी तो त्याचा खोका असतो, आणि या खोक्याला हातभर भोकं. मागून निघणारा तरंग भोकांतून पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणून ब्यूटिल रबराच्या चिकट चादरी आणल्या, एका बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या. बाहेरच्या पत्र्याला आतून, मग भोकांवर, रोलरने दाबून दाबून. पाणी जायची खालची भोकं तेवढी मोकळी ठेवली. हे सगळं फिटिंगवाल्या मुलांकडून करून घेताना मी दाराशी उभा होतो आणि त्यांना ते अजिबात आवडत नव्हतं. दार लावल्यावर पूर्वी ‘टण्ण’ व्हायचं, आता ‘धप्प’ झालं. बायकोला एवढंच पटलं. तिने ते दार दोनदा उघडून लावलं.

स्पीकर जोडताना मुलाला मी म्हणालो, “रुंद पाता प्लस का है, देख के लगाना.” तो म्हणाला, “कैसे भी लगाओ भिया, आवाज तो आएगा ही.” तेवढ्यात दुकानदाराने ट्यूशनचं पुन्हा काढलं आणि माझी मान तिकडे वळली.

परीक्षेला आत्याच. तिने डोळे मिटले. तंबोरा उमटला, पूर्वी कधी नव्हता इतका. खाँसाहेबांचा आवाज काचेपाशी येऊन बसला. मी दुकानदाराकडे पाहिलं. आत्याने डोळे उघडले.

“तबला ऐकू येतोय. डग्गा कुठे गेला?”

मुलगा म्हणाला, “आंटी क्या बोल रही हैं?” दुकानदार म्हणाला, “बास कम लग रहा होगा,” आणि त्याने बास शेवटपर्यंत चढवला. दार धप्पधप्प करायला लागलं, डग्गा काही आला नाही. “हा तर नुसता दणका आहे रे,” आत्या म्हणाली, “घुमारा कुठाय?”

मी बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा हजर. पूर्ण उजवीकडे. हजर. मधोमध आणला, गायब. एका बाजूच्या प्लस-मायनस वायरी उलट लागल्या होत्या. एक कोन हवा ढकलतो त्याच वेळी दुसरा ओढतो. शंभर हर्ट्झचा तरंग जवळजवळ साडेतीन मीटर लांब, गाडीची आतली रुंदी दीड मीटरच्या आसपास. खालचे सूर एकमेकांना तिथल्या तिथे खाऊन टाकतात. वरचे छोटे तरंग अधूनमधून निसटतात, म्हणून तबला वाचला आणि डग्गा गेला. हे सगळं मी हिंदीत समजावलं. मुलाने ऐकून घेतलं, पाते अदलाबदल केले आणि म्हणाला, “तो सीधा बोलते ना, वायर उलटी है.”

डग्गा आला, मिंडेसकट आला. आत्याने काही न बोलता मला वीस रुपये काढून दिले आणि मुलाला चहाला दे म्हणाली.

आता नवा त्रास आहे. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत 65-70 डेसिबलचा घरघराट कायमचा असतो आणि तो नेमका खर्जावरच बसतो. हे मीच एकदा शहाणपणाने आत्याला सांगितलं. तेव्हापासून ती काचा पूर्ण बंद करायला लावते, गाडी चाळीसच्या वर नेऊ देत नाही, आणि आलाप सुरू झाला की हात पुढे करून एसी बंद करते, कारण ब्लोअरही खालच्याच पट्टीत बोलतो. गेल्या मे महिन्यात दुपारी पारा 42वर असताना आम्ही तिघं बंद काचांच्या गाडीत झूमऱ्याच्या समेची वाट पाहत होतो. बायकोने फक्त विचारलं, “आत्या, द्रुत कधी सुरू होतं?” आत्या म्हणाली, “आत्ताशी कुठे बसलेत ते.”

आत्या बरोबर येणार असली की सराफ्यात जायला बायको आता ई-रिक्षा बोलावते. त्यात सीटखाली साडूला आवडेल एवढा डबा असतो आणि कुठलंतरी गाणं फाटून ऊतू जात असतं. ती म्हणते, असू दे, निदान वारा तरी लागतो.