पंधरा ऑगस्टचं मटण आणि बर्लिनचं पिठलं

‘तिकडे व्हीगन पार्ट्या झोडता आणि इकडे एक दिवस मटण बंद म्हटलं की तुमची लोकशाही धोक्यात येते!’ आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं मावसबहिणीचं हे वाक्य. त्याखाली हसरे चेहरे आले आणि मामांनी अंगठा दिला. वाक्यापेक्षा तो अंगठा जास्त लागला.

झालं होतं असं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. विरोध सुरू झाल्यावर सांगितलं की नवीन काही नाही, १९८८ च्या ठरावाप्रमाणे दरवर्षीच काढतो. सत्तेतल्या अजित पवारांनाही ते पटलं नव्हतं. मी डोंबिवलीची, त्यामुळे बातमी वाचून माझं डोकं फिरलं आणि मी ती चार खरमरीत ओळींसकट ग्रुपवर टाकली. त्याच आठवड्यात आमच्या शुक्रवारच्या जेवणाचा फोटोही टाकला होता आणि खाली मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, ‘टेबलावर मांस, अंडं, दूध, काहीच नाही!’ बहिणीने दोन्ही जोडलं. बाई बँकेत कशी गेली कळत नाही, वकिलीत नाव काढलं असतं.

वाद तिथे दोन दिवसांत विझला. माझ्या डोक्यात मात्र तो अजून चालू आहे.

आधी शुक्रवारचं सांगते. मी बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात राहते. आमचा जो घोळका जमतो त्यात पक्के व्हीगन दोघंच. लाइपझिगच्या एका मैत्रिणीला गहू अजिबात चालत नाही, नुसता हात लागला तरी आजारी पडते. शेजारीण तुर्की, तिला हलालशिवाय मांस नको. एरिट्रियाचा एक सहकारी त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे बुधवार-शुक्रवार कडक पाळतो, त्या दिवशी मांस-मासे तर सोडाच, दूध-लोणीही नाही. बव्हेरियाचा एकजण सगळं खातो आणि सगळ्यावर मत देतो. या सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं तर हिशोब सोपा आहे. व्हीगन केलं की कुणालाच ‘तुझ्यासाठी वेगळं काढलंय’ म्हणावं लागत नाही. हे बर्लिनमध्ये कुणाला विशेष वाटत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून इथल्या विद्यापीठांच्या मेन्झांमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळींत, ६८ टक्के पदार्थ व्हीगन, २८ टक्के शाकाहारी आणि मांस-मासे प्रत्येकी दोन टक्के, असा बेत ठरला. ज्याला डोनर कबाब हवा तो रस्ता ओलांडतो.

व्हीगनांच्या पंक्तीला बसल्यावर मराठी शाकाहाराची जी पंचाईत होते ती मला मनापासून आवडते. वरण-भातावरचं तूप गेलं, ताक गेलं, मठ्ठा, श्रीखंड, पुरणपोळीवरची धार, सगळं गेलं. खिडकीत ‘शुद्ध’ लिहिणाऱ्या निम्म्या खानावळी इथे नापास. पास होतं ते आमच्या आजीचं वेंगुर्ल्याकडचं स्वयंपाकघर, जे कुणी कधी शाकाहारी म्हणून ओळखलंच नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, अळूचं फतफतं, केळफुलाची भाजी, नारळाच्या रसातली सोलकढी. आजीला माशाशिवाय जेवण म्हणजे आजारपण वाटायचं, आणि तिच्याकडचे अर्धे पदार्थ मी इथे जसेच्या तसे वाढते. सोलकढीचा रंग बघून सगळे आधी बिचकतात, मग पातेलं तळापर्यंत जातं. आगळ घरून येतो. नारळाचं दूध डब्यातलं, त्याला इलाज नाही.

भरल्या वांग्यांसाठी शुक्रवारी दुपारी मायबाखउफरच्या बाजारात जाते. तिथला तुर्की भाजीवाला मला आता लहान वांगी वेगळी काढून ठेवतो आणि एवढुशा वांग्यांचं करणार काय, हे दर वेळी विचारतो. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या, आत कूट, खोबरं, गोडा मसाला, चिंच, गूळ. तोपर्यंत सोपं. खरी परीक्षा हिंगाची. दुकानातला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. लाइपझिगवाली येणार म्हटलं की मी डबी दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळाला तर ठीक, नाहीतर त्या दिवशी फोडणी बिनहिंगाची. पिठलं बिनहिंगाचं होऊ शकतं हे मी डोंबिवलीत कबूल केलं नसतं.

पिठल्यावरून आठवलं. एरिट्रियाचा सहकारी ‘शिरो’ आणतो. हरभऱ्याचं पीठ, कांदा, तेल आणि बेर्बेरे नावाचा त्यांचा लालभडक मसाला. मी पहिला घास घेतला आणि थांबले. हे तर झणझणीत पिठलं! तो म्हणाला, उपवासाला आमच्याकडे हेच. उपवासाला पिठलं ऐकून माझी आई हसली असती, पण त्याचा उपवास वर्षाच्या निम्म्याहून जास्त दिवस चालतो, साबुदाण्याने कुठे भागायचं? तुर्की शेजारीण चिग क्योफ्ते आणते. मूळची कच्च्या मांसाची, आता दुकानात मिळते ती बुलगुरची, म्हणजे गव्हाच्या दलियाची. लाइपझिगवालीला ती चालत नाही, तिच्यासमोर द्राक्षाच्या पानांतला भात. बव्हेरियावाला बटाट्याचे गोळे आणि अळिंबीचा रस्सा करतो आणि लोण्याशिवाय याला अर्थ नाही असं म्हणत तीन वेळा वाढून घेतो.

आता बहिणीकडे वळते. ताई, या टेबलावर मी मांस खात नाही ते कुणी आदेश काढला म्हणून नाही. जी माणसं बसणार त्यांच्याकडे बघून ठरवते. तुमच्या आदेशात माणूस कुठे आहे? आपल्या घरातही सोमवारी-गुरुवारी मासे नसायचे. श्रावणात आई शिवायचीसुद्धा नाही आणि आधी बाबा गटारी साजरी करायचे. महिनाभर घराने पाळलं ते महापालिकेला विचारून नाही. शेजारच्या काकूंच्या घरी रोज मासळी शिजायची म्हणून आईचा श्रावण बाटला नाही.

आणि ज्यांनी हा आदेश मनावर घेतला नाही त्यांना मी एक प्रसंग सांगते. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आई-बाबा भाड्याने जागा शोधत होते. एका सोसायटीत सगळं जमलं होतं, आगाऊ रक्कमही ठरली होती. शेवटी सेक्रेटरींनी अगदी गोड आवाजात विचारलं, ‘तुम्ही आपले वेजच ना?’ बाबांनी खरं सांगितलं. बाबांना खोटं बोलता येत नाही हा त्यांचा जुना दोष. जागा मिळाली नाही. देशातल्या जनगणना कार्यालयाच्या २०१४ च्या पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे जवळपास ६० टक्के लोक मांसाहारी निघाले होते. म्हणजे या राज्यात बहुसंख्याकांनाच आपण काय खातो ते जिन्यात हळू आवाजात सांगावं लागतं. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या होस्टेलांच्या एका मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखून ठेवली, आणि निषेध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. इथल्या मेन्झात दोन टक्केवाला आणि ६८ टक्केवाला एकाच बाकावर बसतो. एवढाच फरक आहे आणि तो मला फार मोठा वाटतो.

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा भाच्याने विचारलं, ‘मावशी, जर्मनीत अशी सक्ती कुणीच करत नाही का?’ पोरगं गूगल करून आलं होतं. २०१३ च्या निवडणुकीआधी इथल्या ग्रीन पक्षाने सरकारी-निमसरकारी कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस बिनमांसाचा ठेवावा असं सुचवलं, आणि असा गदारोळ झाला की जणू कुणी घराघरातून सॉसेज जप्त करायला निघालं होतं. पक्ष ८.४ टक्क्यांवर आला. २०२१ मध्ये फोक्सवागनने वोल्फ्सबुर्गच्या एका कँटीनमधून करीवुर्स्ट, म्हणजे करी-सॉस घातलेलं सॉसेज, काढला तर माजी चान्सलर श्र्योडर मैदानात उतरले, कामगाराचं ते बळ आहे म्हणाले. दोन वर्षांनी करीवुर्स्ट परत आला. हे मी भाच्याला आनंदाने सांगितलं. बघ, इथले लोक आपल्या ताटासाठी कसे भांडतात!

रविवारी इथे बहुतेक दुकानं बंद असतात आणि स्पेटी, म्हणजे कोपऱ्यावरची उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं, सोडली तर कांदासुद्धा सहज मिळत नाही, हे नाही सांगितलं. गुड फ्रायडेला बर्लिनमध्ये पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत जाहीर नाचगाण्यावर बंदी असते, हेही नाही. बहिणीच्या हातात कोलीत कोण देणार? कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे: त्या दिवशी आपल्या घरात नाचणाऱ्याला कुणी भाड्याची जागा नाकारत नाही.

पण जागेचा विषय निघालाच आहे तर पुढचंही बोलायला हवं. इथे मला घर मिळायला आडनाव आडवं आलं का, हे मला कधीच कळणार नाही. इथे नकार ईमेलने आणि कारणाशिवाय येतो. एका घरमालकिणीने मात्र हसत विचारलं होतं, तुम्ही ‘तीव्र’ स्वयंपाक करता का? मी म्हणाले, छे, सॅलड. घर मिळालं. त्यानंतर कधीतरी तुर्की मासेवाल्याकडे ताजा बांगडा दिसला, आपल्या बांगड्याचा इथला दांडगा भाऊ. राहवलं नाही. तिरफळं नव्हती म्हणून आमटीचा बेत सोडला, मीठ-मसाला-आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळला. खिडक्या उघड्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात टाचणीने लावलेली चिठ्ठी: ‘प्रिय शेजाऱ्यांनो, कालच्या वासाबद्दल थोडा परस्परविचार व्हावा अशी नम्र विनंती.’ खाली नाव नाही, ‘मनःपूर्वक शुभेच्छा’ मात्र आहेत. तेव्हापासून या घरात बांगडा तळलेला नाही.

म्हणजे बाबा डोंबिवलीच्या सेक्रेटरीसमोर खरं बोलले आणि मी बर्लिनच्या मालकिणीला सॅलड सांगितलं. व्हीगन जेवणाला वास येत नाही, आला तरी इथल्या लोकांना तो सुसंस्कृत वाटतो. इथे मी काय शिजवते यावर कुणी नाक मुरडत नाही, याचं थोडं श्रेय टेबलाला आहे आणि थोडं मी काय शिजवत नाही त्याला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. शुक्रवारी कुणी नवा पाहुणा आला की हमखास म्हणतो, ‘तुम्हा भारतीयांना काय सोपं, तुमची संस्कृतीच शाकाहारी.’ मग गांधीजी येतात, योग येतो. आणि मी, वेंगुर्ल्याच्या घरातली, जिच्या बारशाच्या जेवणात म्हणे सुरमई होती, मान डोलावून गोड हसते. कौतुक कुणाला नको असतं? ज्या चित्रावरून मी बहिणीशी भांडते, की भारत म्हणजे शाकाहारी आणि बाकीचे अपवाद, तेच चित्र मी इथे दर शुक्रवारी आनंदाने भिंतीवर टांगते. इथे माझी जी जागा आहे ती त्या चित्रातल्या बाईला मिळालेली आहे. आगरी, कोळी, मालवणी, सीकेपी, कोल्हापूरचा पांढरा रस्सा, सावजी, यातलं काहीच त्या टेबलापर्यंत पोचलेलं नाही, आणि वाट अडवून उभी मीच आहे.

बहिणीला हे लिहिलं नाही. तिला लिहिलं ते मताबद्दल. ती म्हणाली होती, ‘तुला एवढं वाटतं तर इथे येऊन मतदान कर.’ पासपोर्ट अजून भारतीय आहे, यादीत नाव घालता येतं, पण बटण दाबायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. इथल्या निवडणुकीतही मला मत नाही. दोन शहरांच्या ताटांवर तावातावाने बोलणारी मी कुठल्याच नगरसेवकाच्या हिशोबात नाही. हा मुद्दा तिने खोडला नाही. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच तिने नुसतं ‘हं’ लिहिलं.

गेल्या शुक्रवारी पुन्हा एक पाहुणी ‘तुमची संस्कृती’वर आली तेव्हा मी म्हणाले, आमच्या घरात आठवड्यातले बहुतेक दिवस मासे असतात. टेबल शांत वगैरे झालं नाही. बव्हेरियावाला म्हणाला, मग इतकी वर्षं आम्हाला वांगी का? एरिट्रियावाल्याने विचारलं, मासे शुक्रवारी नकोत, शनिवारी जमेल का? व्हीगन दोघांपैकी एकाने सांगितलं की तो येईल, स्वतःचं आणेल आणि सोलकढी पिईल, दुसरीने स्पष्ट नाही म्हटलं आणि मला तिचं नाही आवडलं. त्यात कुजबुज नव्हती.

तर या महिन्यातला शेवटचा शनिवार ठरला आहे. इथे घरी पार्टी असली की आधी जिन्यात चिठ्ठी लावायची पद्धत आहे, गाणी वाजतील, सांभाळून घ्या म्हणून. मी लिहिली आहे: ‘शनिवारी दुपारी एकपासून तिसऱ्या मजल्यावर मासे तळले जातील. वास येईल. भूक लागली तर बेल वाजवा.’ खाली पूर्ण नाव, आडनावासकट. फक्त जर्मन व्याकरण लाइपझिगवालीकडून तपासून घ्यायचं आहे. आणि तळणीला गव्हाचं काही लागू द्यायचं नाही, ती पहिल्यांदाच बांगडा खाणार आहे.